रिसॉर्टवरचा खटला आणि आपली साक्ष

मराठी प्रवासवर्णनावरील एका चर्चासत्राचा समारोप करताना अध्यक्षस्थानी असलेले ज्येष्ठ समीक्षक म्हणाले, "आजचा मराठी माणूस प्रवास करीतच नाही. तो रिसॉर्टमध्ये जाऊन पडतो. मग प्रवासवर्णन जगणार कसे?" सभागृहात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. वाजवताना माझे लक्ष माझ्याच डाव्या मनगटाकडे गेले. तेथे बोटभर रुंदीची, उन्हाने न रापलेली फिकट पट्टी होती. दहाच दिवसांपूर्वी दक्षिण गोव्यातल्या एका समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये चार रात्री घालवून मी वाघोलीला परतले होते, आणि तेथे दारातच पाहुण्याच्या मनगटाला बांधला जाणारा निळा पट्टा काढून फार दिवस झालेले नव्हते.

म्हणजे अध्यक्षमहाराजांच्या आरोपपत्रातील आरोपी मीच, आणि टाळी वाजवणारीही मीच. हा प्रकार मला नंतर बोचत राहिला. त्यांचे म्हणणे खोटे वाटले म्हणून नव्हे. खटला बरोबर पण कलम चुकीचे लावले गेले आहे असे वाटले म्हणून. आपण वाङ्मयाची मंडळी रिसॉर्टला नावे ठेवतो ती त्याच्या सुखासाठी. तेथे सगळे आयते मिळते, अनुभव विकत मिळतो, 'खरा' प्रदेश भेटत नाही, माणूस लोळत राहतो. हा आरोप जुना आहे, खानदानी आहे, आणि माझ्या मते तो मागे घेण्याची वेळ आली आहे.

आधी 'लोळत राहणाऱ्या' माणसाविषयी. आमच्या चौघांत माझ्या सासूबाई होत्या, वय बहात्तर. त्यांच्या आयुष्यातील प्रवासांची यादी लहान आहे: तुळजापूर, पंढरपूर, एकदा काशी, आणि दर मे महिन्यात सासरचे गाव. या प्रत्येक प्रवासात त्यांच्यासोबत स्टोव्ह होता, दशम्या होत्या, लोणच्याची बरणी होती. पुरुष प्रवासाला जात; बायका स्वयंपाकघर एका गावाहून दुसऱ्या गावी हलवत. रिसॉर्टमधल्या पहिल्या सकाळी न्याहारी झाल्यावर त्या उठल्या आणि आमची चारही ताटे एकात एक घालून गोळा करू लागल्या. वाढणारा मुलगा धावत आला. तो चंदगडकडचा निघाला. पाहुण्यांशी हिंदी किंवा इंग्रजीतच बोलायचे अशी तेथील शिस्त असावी, कारण त्याने आवाज खाली आणून मराठीत म्हटले, "आजी, राहू दे, ते माझं काम आहे." सासूबाई ताटे हातात घेऊन क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग बसल्या. त्या दिवशी दुपारी त्या समुद्राकडे तोंड करून, काहीही न करता, अडीच तास बसल्या होत्या. लग्नाला पन्नास वर्षे उलटलेल्या या बाईला मी असे बसलेले प्रथमच पाहिले. याला 'पडणे' म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण म्हणण्यापूर्वी म्हणणाऱ्याने आपल्या घरातील उष्टी ताटे आजवर कोणी उचलली ते एकदा आठवून पाहावे.

आता ज्या वाङ्मयप्रकाराच्या नावाने आपण अश्रू ढाळतो त्याच्याकडे वळू. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० चे. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' १९५९ चे, पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० चे आणि 'पूर्वरंग' १९६३ चे. ही पुस्तके मी वर्गात शिकवली आहेत, आणि त्यांच्यावरचे माझे प्रेम जराही उणावलेले नाही. पण 'प्रवासी' ही जी प्रतिमा या परंपरेने घडवली ती हात मोकळे असलेल्या माणसाची आहे. त्याला पाहायला, हसायला, तुलना करायला वेळ आहे. त्याची बॅग कोणी भरली, मागे राहिलेल्या घराचे कोणी पाहिले, तिकिटाचे पैसे कोठून आले, हे प्रश्न पानांच्या समासातही सहसा येत नाहीत. पु. लं.च्या प्रवासात सुनीताबाई बरोबर होत्या. प्रवासवर्णनात त्या बहुधा विनोदाच्या जोडीदार म्हणून येतात. त्यांच्या बाजूचे जगणे कसे होते ते कळायला वाचकाला 'आहे मनोहर तरी' येईपर्यंत, म्हणजे १९९० पर्यंत थांबावे लागले. मीना प्रभूंनी पुढे एकटीने जग हिंडणाऱ्या बाईला या प्रकारात आणले तेव्हा त्यांना वाचक उदंड मिळाला. समीक्षकांनी मात्र 'माहितीपर' असा शिक्का मारून त्यांना बाजूला ठेवले. या शिक्क्याविषयी स्वतंत्र लेख लिहिता येईल. असो.

आणि ज्या मराठी मध्यमवर्गाने रिसॉर्ट गाठले तो काही प्रदेशाचा ध्यास सोडून अचानक तेथे गेलेला नाही. १९८४ साली 'केसरी' सुरू झाली, तिच्यासारख्या इतरही संस्था होत्या, पुढे २०१३ मध्ये 'वीणा वर्ल्ड' आली. या संस्थांनी सगळे धरून एकच रक्कम, मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक आणि परदेशातही ओळखीचे जेवण ही पद्धत घरोघरी नेली. आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात खाणाऱ्यांची आपण भरपूर टवाळी केली. पण त्या बसमध्ये कोण बसले होते? निवृत्त शिक्षिका, बँकेतल्या कारकून बायका, विधवा मावश्या. कोणाला इंग्रजीची धास्ती, कोणाला एकटीने विमानतळावर उभे राहण्याची धास्ती. सगळे आयते होते म्हणूनच त्या उंबरठा ओलांडू शकल्या. आयत्या व्यवस्थेला हसणाऱ्यांत बहुतेक ते होते ज्यांना घरी सगळे आयतेच मिळत होते.

येथे कोणी म्हणेल, मग तुमच्या मते प्रवासवर्णनाने ताटांचा हिशेब लिहायचा काय? होय, असेच माझे म्हणणे आहे. आणि ही काही माझी नवी मागणी नाही. आपल्या परंपरेच्या उगमाशीच तसा ग्रंथ आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते निसर्गसौंदर्य पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते आणि मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी बातमी होती. 'माझा प्रवास' मध्ये झाशीचा वेढा आहे, कत्तल आहे, राणी आहे. पण त्याचबरोबर किती रुपये मिळाले, ते कोठे लपवले, कोठे लुटले गेले, कोणत्या दिवशी पोटात काय गेले याचीही नोंद आहे. शेवटी हा माणूस घरी काय घेऊन आला, तर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक प्रसिद्ध केले ते त्यावर संस्कार करून. मूळ संहिता वाचकांपुढे यायला १९६६ साल उजाडले. पहिल्या प्रवाशाला आपण सभ्य करून मगच घरात घेतले, असे यावरून म्हटले तर फार चुकणार नाही.

दुसरे उदाहरण इरावती कर्व्यांचे. 'परिपूर्ती' मधील 'वाटचाल' हा लेख वारीवरचा आहे. दिंडी हीदेखील एका अर्थाने आधीच पैसे भरून केलेली व्यवस्थाच. सामान गाडीत, स्वयंपाक दिंडीचा, मुक्काम ठरलेला. इरावतीबाई त्या व्यवस्थेला हसत नाहीत की तिच्यात विरघळूनही जात नाहीत. एकाच विठोबाकडे निघालेल्या माणसांच्या पंगती जातीजातीने वेगळ्या का बसतात, हा प्रश्न त्यांना सलतो आणि तो त्या लिहून ठेवतात. कोण कोणाबरोबर जेवत नाही, इकडे त्यांची नजर होती. माझ्या समजुतीप्रमाणे मराठीत प्रवासाविषयी लिहिलेल्या उत्तम लेखनात त्या लेखाची गणना होते ती याच नजरेमुळे.

ही नजर रिसॉर्टवर रोखली तर काय दिसते?

'ऑल इन्क्लुझिव्ह' ला आपल्याकडच्या जाहिराती 'सर्वसमावेशक' म्हणतात. हा शब्द वाङ्मयाच्या शिक्षकाला दचकवणारा आहे, कारण तो आपण संमेलनाच्या ठरावांत आणि अभ्यासक्रमांच्या प्रस्तावनांत वापरतो. येथे त्याचा अर्थ सगळ्या वस्तूंचा समावेश एवढाच आहे. सगळ्या माणसांचा नव्हे. या कल्पनेचा उगमही पाहण्यासारखा आहे. जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून 'क्लब मेड' सुरू केला. युद्धानंतरच्या युरोपातली ही गोष्ट. पैसे एकदाच भरायचे, मग सगळे एका मेजावर, कोणाचा हुद्दा काय ते विचारायचे नाही. कल्पनेत समतेचा अंश होता, हे मान्य केले पाहिजे. पुढे तेथे पेयांसाठी नाण्यांऐवजी माळेतले मणी द्यायचे अशी रीत पडली. पैसा नाहीसा झाला नव्हता, फक्त दिसेनासा झाला होता. पैसा दिसेनासा झाला की त्याच्याबरोबर दुसरीही गोष्ट दिसेनाशी होते: आपल्याला वाढणाऱ्याला काय मिळते हा प्रश्न. चंदगडच्या त्या मुलाला सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारले, "तू जेवलास का?" त्याने उत्तर देण्याआधी मागे वळून पाहिले. माझ्या निळ्या पट्ट्यात दिवसभर काय काय मिळते याची यादी मला पाठ होती. त्याचे जेवण कोठे, केव्हा आणि काय, ते चार दिवसांत मला कळले नाही, आणि खरे सांगायचे तर सासूबाईंनी विचारले नसते तर ते मला कळलेले नाही हेही कळले नसते.

पण माझ्या दृष्टीने खटल्यातले मुख्य कलम याहूनही साधे आहे. ते वाटेचे आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीला घेऊन मी वाळूवरून चालत निघाले. रिसॉर्टच्या आरामखुर्च्या संपतात तेथे वाळूत एक दोर बांधलेला होता आणि दोराशी शिट्टी घेऊन एक रखवालदार. दोराच्या पलीकडे डोक्यावर गाठोडे घेतलेली एक लमाणी बाई उभी होती. ती पाऊल पुढे टाकी, तो शिट्टी वाजवी, ती मागे सरे. मुलीने विचारले, "समुद्र पण आपल्या पॅकेजमध्ये आहे का?" नऊ वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न कोणत्याही चर्चासत्रात मी ऐकलेला नाही.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेवले आहे. पणजीजवळ दोना पावलाच्या बाजूला वांयगिणी नावाचा किनारा आहे. तेथील 'सिदाद द गोवा' या चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या हॉटेलाच्या वाढीव बांधकामामुळे लोकांची किनाऱ्याकडे जाण्याची वाट अडली, म्हणून स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले. सरकारने हॉटेलसाठी जमीन संपादित करून दिली तेव्हा लोकांची वाट मोकळी ठेवण्याची अट घातलेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने वाट अडवणारे बांधकाम हटवायला सांगितले, आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. निसर्गाची ही संपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, असे तत्त्व त्या निकालात मांडले आहे. मग काय झाले? त्याच वर्षी गोवा सरकारने आधी वटहुकूम काढून आणि नंतर कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवण्याची तजवीज केली. न्यायालयात जिंकलेली वाट विधानसभेत हरली.

ही एकट्या गोव्याची कथा नाही. किनाऱ्यापासून पाचशे मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नका असे पत्र इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांना १९८१ साली लिहिले होते. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली, तीत भरतीरेषेपासून दोनशे मीटरचा पट्टा ग्रामीण भागात बांधकामापासून मुक्त ठेवला गेला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हा पट्टा पन्नास मीटरवर आणला. दोनशेचे पन्नास. आकडे रुक्ष असतात म्हणून आपण साहित्यातले लोक त्यांना भीत असू. पण या दीडशे मीटरांत होड्या ओढून ठेवण्याची, जाळी वाळवण्याची जागा होती.

आता तो किनारा जरा उत्तरेकडे सरकत पाहा. गोव्याची हद्द ओलांडली की शिरोडे लागते. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत तेथे शिक्षक होते. १९३० चा मिठाचा सत्याग्रह तेथे झाला. शेजारी आरवली, जयवंत दळवींची. 'सारे प्रवासी घडीचे' मधली माणसे याच वाटांवर हिंडतात. पुढे वेंगुर्ले, चिं. त्र्यं. खानोलकरांचे, आणि त्याच तालुक्यात तो कोंडुरा, ज्याचे नाव त्यांनी १९६६ मध्ये कादंबरीला दिले. मराठी गद्याचा केवढा मोठा भाग या काही मैलांत उगवला! सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलसाठी घ्यायच्या जमिनीचा वाद नव्वदच्या दशकापासून चालत आला आहे. या जमिनीविषयी शिरोड्याचे शेतकरी बोलले, बागाईतदार बोलले. खांडेकरांवर प्रबंध लिहून घेणारे आम्ही प्राध्यापक त्याविषयी कोठे काही बोलल्याचे मला आठवत नाही. आम्ही तेव्हा 'खांडेकरांच्या कथेतील निसर्ग' या विषयावर शोधनिबंध वाचत होतो. मीही एक वाचला आहे.

कॅरिबियन बेटांवरच्या लेखकांनी हे काम केले. अँटिग्वाच्या जमैका किंकेड यांनी 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) हे छोटे पुस्तक थेट पर्यटकाला 'तू' म्हणून लिहिले. तुझ्या ताटातले अन्न कोठून आले, तुझ्या संडासाचे पाणी कोठे जाते, हे त्या पर्यटकाला शांतपणे सांगतात. 'खरा प्रदेश' तुला दिसला नाही अशी तक्रार त्या करत नाहीत. प्रदेशाने पर्यटकाला पावन करावे ही अपेक्षाच मुळात पाहुण्याच्या अहंकाराची आहे, आणि आपल्या समीक्षेतील 'प्रदेशाशी तादात्म्य' ही कसोटी त्या अहंकाराचेच साजूक रूप आहे असे मला आता वाटू लागले आहे.

हे सारे लिहिताना मी जेथे बसले आहे त्या जागेविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर मी त्या अध्यक्षांहून वेगळी नाही. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्याआधी ही ग्रामपंचायत होती आणि त्याहीआधी पुणेकरांना ती वाघेश्वराच्या देवळासाठी आणि दगडखाणींसाठी माहीत होती. शहराला लागलेली खडी येथून गेली. ती फोडणाऱ्यांच्या वस्त्या अजून आहेत. त्यांच्या आणि नगर रस्त्याच्या मधल्या जागेत आमच्या इमारती उभ्या राहिल्या. घर घेताना आम्हाला जे माहितीपत्रक मिळाले होते त्यात 'रिसॉर्टसारखे जीवन' असे शब्द होते, शेजारी निळ्याशार तलावाचे चित्र. तलाव झाला, त्यात पाणीही आहे. उन्हाळ्यात ते टँकरने येते. पहाटे पाचला टँकर मागे घेतानाचा जो आवाज होतो त्यानेच आमच्या इमारतीला जाग येते. कामाला येणाऱ्या बायकांची दाराशी नोंद होते, जाताना पिशवी तपासली जाते. आमच्या शेजारच्या एका संकुलात त्यांच्यासाठी लिफ्टही वेगळी आहे. गोव्यात मी चार रात्री मनगटाला पट्टा बांधून राहिले. येथे तो पट्टा दिसत नाही इतकेच. दोर, रखवालदार आणि शिट्टी येथेही आहेत.

म्हणून मला रिसॉर्टची चेष्टा करणारी समीक्षा नको आहे. सासूबाईंच्या त्या अडीच तासांवर बोट ठेवण्याचा अधिकार मी कोणाला देणार नाही. ते अडीच तास चंदगडच्या मुलाच्या आईलाही मिळावेत, आणि लमाणी बाईला दोर ओलांडून समुद्रापर्यंत जाता यावे. यात परस्परविरोध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तो दाखवून द्यावा. मी वाद घालायला तयार आहे.

यंदा प्रवासवर्णनाचा घटक शिकवताना मी एक वेगळा स्वाध्याय दिला. आमच्या वर्गातली निम्मी मुले लग्नसराईत नगर रस्त्यावरच्या लॉन्समध्ये वाढपी म्हणून जातात. रात्री दोनला परततात आणि सकाळच्या तासाला डुलक्या काढतात. मी सांगितले, कोठे जाऊन आला असाल तर त्याविषयी लिहू नका. तुम्ही ज्यांना वाढलेत अशा एका पंगतीचे वर्णन लिहा: पहिले ताट कोणी घेतले, काय उरले, उरलेले कोठे गेले, तुम्ही किती वाजता जेवलात, घरी कसे परतलात. वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. एरवी तो कधी बोलत नाही. म्हणाला, "मॅडम, हे प्रवासवर्णनात धरणार का?"

धरणार, म्हटले.

"किती मार्कांना?"